मराठवाड्यातून कोकण किनाऱ्यावर सुट्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किती दिवस हाताशी हवेत?

जाण्यायेण्याचे दोन दिवस धरून किमान पाच. छत्रपती संभाजीनगरहून दिवेआगर सुमारे ४०० किलोमीटर, लातूरहून रत्नागिरी पावणेपाचशेच्या आसपास, नांदेडकरांनी त्यात आणखी दीडशे मिळवायचे. मोबाईलचा नकाशा आठ-नऊ तास दाखवतो. पण घाट, चहा, जेवण आणि घाटात लेकरांना लागणारी गाडी धरली तर दहा-अकरा तास कुठं गेले नाहीत. म्हणून पहाटे चारला निघा. घाट अंधार पडायच्या आत उतरायला हवा.

पाच दिवसांत अलिबागपासून मालवणपर्यंत होईल का?

होईल, पण गाडीच्या काचेतून. कोकण किनारा खाड्यांनी तुकडे तुकडे केलेला आहे. खाडीपलीकडचं गाव डोळ्यांना दिसतं, हाकेच्या अंतरावर वाटतं, आणि रस्त्यानं तिथं जायचं तर खाडीला वळसा घालून ४०-५० किलोमीटर पडतात. वर रस्ते अरुंद, वळणांचे. तासाला ३० किलोमीटर कापले तरी पुष्कळ झाले. आपल्याकडच्या सपाट रस्त्याचा हिशेब इथं लावू नका.

एकच पट्टा धरा, एकाच गावात तीन मुक्काम करा आणि रोज एका बाजूला फिरून या. रोज बॅगा बांधून हॉटेल बदलणारे लोक समुद्रापेक्षा पार्किंगच जास्त बघतात.

मग कोणता पट्टा धरावा?

पहिल्यांदा जात असाल आणि बरोबर म्हातारी माणसं असतील तर दिवेआगर–श्रीवर्धन–हरिहरेश्वर. तिन्ही गावं जवळजवळ, किनारे सपाट, मंदिरं पायऱ्यांची दमछाक न करणारी. संभाजीनगर, जालना, बीड इकडच्यांना अंतरही कमी.

गर्दी नको असेल तर दापोली–आंजर्ले–केळशी, नाहीतर गुहागर–वेळणेश्वर–हेदवी. लातूर, धाराशिव, नांदेडकडच्यांना गणपतीपुळे–रत्नागिरी सरळ पडतं. मालवण–तारकर्ली सगळ्यात लांब, पण पाणी सगळ्यात नितळ आणि खाण्याला तोड नाही. तिकडं जायचं तर सहा दिवस काढा.

रस्ता कोणता चांगला?

लातूर, तुळजापूरवरून जाणारा नागपूर–रत्नागिरी महामार्ग सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाटातून थेट रत्नागिरीला उतरतो. म्हणजे दारावरून गेलेला रस्ताच समुद्राला मिळतो, मधे शोधाशोध नाही. मुक्काम तोडायचा असेल तर कोल्हापूर सोयीचं. तिथून रत्नागिरी सुमारे १३० किलोमीटर.

संभाजीनगर–अहिल्यानगर–पुणे वाटेनं येणाऱ्यांनी मुळशीवरून ताम्हिणी घाटानं माणगावला उतरावं. चिपळूण-गुहागरसाठी कराडवरून कुंभार्ली. मालवणसाठी कोल्हापूरवरून फोंडा घाट. वरंधा पावसाळ्यात दरडींमुळं वरचेवर बंद असतो, त्या दिवसांत तो धरूच नका.

घाट उतरताना नुसत्या ब्रेकवर गाडी आणू नका. सतत दाबून ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि पायाखालचं पेडल मऊ पडायला लागतं. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. वास आलाच तर जागा बघून बाजूला घ्या आणि वीस-पंचवीस मिनिटं गाडी थंड होऊ द्या. तापलेल्या चाकावर पाणी ओतायचं नाही.

रेल्वेनं किंवा एसटीनं जमतं का?

जमतं, पण एकदा तरी बदलावं लागतं. नांदेड–पनवेल एक्स्प्रेस परभणी, परळी, लातूरवरून पनवेलला जाते. तिथून कोकण रेल्वे. कोणत्या गावाला कुठं उतरायचं ते आधी पक्कं करा: दापोलीला खेड, गुहागरला चिपळूण, गणपतीपुळ्याला रत्नागिरी, मालवणला कणकवली किंवा कुडाळ. या स्टेशनांपासून ही गावं साधारण २५ ते ४५ किलोमीटरवर आहेत, त्यामुळं पुढच्या रिक्षा किंवा एसटीचा वेळ धरा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. मे आणि गणपतीतल्या गाड्या पहिल्याच दिवशी भरतात.

एसटीला पुण्यात स्वारगेटला बदल. महिलांना अर्ध तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास ही सवलत लांबच्या गाडीलाही लागू असते, ओळखपत्र मात्र जवळ ठेवा.

नकाशात ‘मुरूड’ टाकलं तर लातूरचं मुरूड येतं. काय करावं?

मुरूड तीन आहेत. एक आपलं, लातूर जिल्ह्यातलं. दुसरं रायगड जिल्ह्यातलं, जंजिऱ्याचं. तिसरं दापोली तालुक्यातलं, महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. शेवटच्या दोघांनाही समुद्र असल्यानं गोंधळ तिथंच होतो. खोली ठरवताना तालुका विचारा आणि नकाशात ‘मुरूड जंजिरा’ किंवा ‘मुरूड दापोली’ असं पूर्ण लिहा.

कोणत्या महिन्यात जावं?

सोयाबीन घरात आलं, दिवाळी झाली की नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी, रात्री गार, समुद्र शांत.

मे महिन्यात आंबे असतात आणि गर्दीही. तिथला पारा ३३-३४ वर थांबतो, आपल्याकडं ४२ असतो, म्हणून लोक गारव्याच्या आशेनं जातात आणि घामानं हैराण होतात. दमट हवेत घाम वाळत नाही. तिथं आपल्यासारखा कूलर चालत नाही, उलट खोली आणखी कोंदट करतो. मेमध्ये जायचं तर एसीची खोली घ्या आणि दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका.

पावसाळ्यातलं कोकण बघण्यासारखंच. वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस बघणाऱ्या माणसाला तीन हजारांवरचा पाऊस एकदा तरी अंगावर घ्यावासा वाटणारच. पण मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्यांच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते आणि समुद्रात पाऊल घालायचं नसतं.

भरती-ओहोटीची वेळ कशी कळणार?

घरातल्या कॅलेंडरवरून. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. प्रत्यक्षात बारापर्यंतही सरकते. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं धरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि रोज ही वेळ पाऊण-एक तासानं पुढं सरकते.

आता याचा उपयोग. लेकरांना वाळूत खेळायचं असेल, शंखशिंपले वेचायचे असतील, तर ओहोटीच्या आधीचे दोन तास घ्या. पाणी मागं जात असतं, ओली कडक वाळू मोकळी होते, खडकांतल्या डबक्यांत खेकडे आणि छोटे मासे अडकलेले दिसतात. हेदवीच्या बामणघळीचा खेळ उलट, तो भरतीलाच बघायचा: खडकाच्या चिंचोळ्या भेगेत लाट घुसते आणि पाण्याचा फवारा उंच उडतो. ओहोटीला गेलात तर नुसती भेग बघून परत याल.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा मात्र ओहोटीतच. देवळामागून पायऱ्या उतरून वाट समुद्राकाठच्या खडकांवरून जाते. पाणी चढायला लागलं की लाटा वाटेवर येतात, आणि तिथं माणसं वाहून गेलेली आहेत. देवळापाशी विचारल्याशिवाय उतरू नका, ‘बंद’ म्हणाले तर हुज्जत घालू नका.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी दोन मीटरांच्या वर चढतं-उतरतं. अष्टमी-नवमीच्या भरतीला भांगाची भरती म्हणतात, ती सौम्य. वेळा अमावास्या उरकून लगेच निघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, तुम्ही नेमके उधाणात पोचता.

पोहता येत नाही. समुद्रात किती आत जावं?

गुडघ्यापर्यंत. विहिरीत, धरणात पट्टीचं पोहणाऱ्यांनाही हेच उत्तर. विहिरीचं पाणी माणसाला ओढत नाही, समुद्राचं ओढतं.

धोका ओळखायचा कसा ते सांगतो. किनाऱ्यावर येऊन फुटलेलं पाणी परत जायला एखादी चिंचोळी वाट धरतं. त्या वाटेवर लाटा फुटत नाहीत, पाणी गडद आणि शांत दिसतं, दोन्ही बाजूंना पांढरा फेस असतो. नवखा माणूस शांत जागा बघून तिथंच उतरतो, आणि नेमका तोच पट्टा आत खेचणारा असतो. खेच लागली तर किनाऱ्याकडं तोंड करून झुंजू नका, दम तिथंच संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं सरका; तो पट्टा सुटला की लाटाच बाहेर आणतात. पोहता येत नसेल तर उताणं तरंगत राहून हात वर करा.

गणपतीपुळ्याचा किनारा पायाखालून एकदम खोल होतो, तिथं दरवर्षी दुर्घटना होतात. खाडीच्या मुखाशी कुठंच उतरू नका. आणखी एक, कुणी सांगत नाही म्हणून: भिजलेली नऊवारी किंवा जीन्स जड होते आणि पायाला वेढते. बायांनी पंजाबी ड्रेस, पुरुषांनी हाफ पँट, एवढं साधं पाळलं तरी पडलेलं माणूस उठू शकतं.

गाडी वाळूवर न्यावी का?

नाही. चाक रुतलं की माणूस रेस देतो, रेस दिली की आणखी रुततं, आणि तोवर भरती येते. शिवाय मनाई आहे, दंड होतो.

जंगलजेटी म्हणजे काय?

गाडी, मोटरसायकल, माणसं सगळ्यांना खाडीपलीकडं नेणारी सपाट बोट. जंगलाशी संबंध नाही. दाभोळ–धोपावे, वेश्वी–बागमांडला, जयगड–तवसाळ, दिघी–आगरदांडा या मोठ्या जोड्या. पंधरा-वीस मिनिटांत पलीकडं. बोटीवर गाडी चढवून झाली की हँडब्रेक लावून गिअरमध्ये ठेवायची, आणि सुट्टीच्या दिवशी रांगेत तासभर जाईल असं धरायचं. शेवटची फेरी कधी ते सकाळीच विचारून ठेवा; ती चुकली की वळसा नशिबी.

काय बघण्यासारखं आहे?

सिंधुदुर्ग किल्ला आधी. मालवणच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला पायाभरणी झाली. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. दुष्काळ बघितलेल्या माणसानं या विहिरींशी थोडं थांबावं. महादरवाजा होडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, दोन बुरुजांच्या वळणात लपवलेला आहे. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आणि हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग हे तिन्ही २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले.

जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाची होडी. होडीवाला परतीची वेळ ठरवून देतो, तेवढ्यात सगळा किल्ला होत नाही. दरवाजा, तोफा आणि गोड्या पाण्याचा तलाव एवढं धरा. होडीत चढउतार करताना होडी हलते, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी दोघांचा आधार घ्यावा.

कातळशिल्पं बहुतेक पर्यटक चुकवतात. रत्नागिरी–राजापूरकडच्या सड्यावर, म्हणजे उघड्या जांभ्या खडकाच्या माळावर, आदिमानवानं प्राणी, मासे, माणसं कोरली आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी. २०२२ साली ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. सकाळी आठच्या आत किंवा पाचनंतर जा. डोक्यावर ऊन असलं की रेषा दिसतच नाहीत. तिरप्या उन्हात कोरीव कडांची सावली पडते आणि चित्र उमटतं. कोरलेल्या भागावर पाय देऊ नका.

रत्नागिरीत थिबा राजवाडा आणि लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत करून पुढं इथं आणून ठेवलं, १९१६ साली तो इथंच वारला. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक. हर्णै बंदरावर दुपारनंतर होड्या परततात तेव्हाचा मासळीचा लिलाव बघा. वासाची तयारी ठेवा आणि बोली चालू असताना मधे उभं राहू नका.

वेरूळ-अजिंठा बघितलंय. दापोलीजवळची पन्हाळेकाजी लेणी बघावीत का?

वेरूळच्या अपेक्षेनं जाऊ नका. २९ लहान लेणी आहेत, नदीकाठी, झाडीत, शांत. अर्धा दिवस मोकळा असेल तर जा.

कासवं कधी दिसतात?

वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. ऑलिव्ह रिडले जातीची मादी वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते. गावकरी ती कुंपणात सांभाळतात आणि ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं निघाली की सकाळी आणि संध्याकाळी समुद्राकडं सोडतात. रोज पिल्लं निघतीलच असं नाही, म्हणून दोन मुक्काम ठेवा आणि निघायच्या आधी गावात फोन करा. फ्लॅश मारायचा नाही, पिल्लू हातात घ्यायचं नाही.

मासे खाण्याची सवय नाही. काय मागवावं?

जायकवाडीचा रोहू-कटला खाल्लेल्यांना काट्यांची भीती असते. सुरमईपासून सुरुवात करा, तुकडीत मधला काटा सोडला तर फार काही नसतं. पापलेट त्याहून मऊ. बांगडा चवीला जोरदार, पण काटे बघून. तारली लेकरांना देऊ नका. ताजी मासळी ओळखायची तर डोळे फुगीर, कल्ले लाल आणि बोटानं दाबलेला खळगा लगेच भरून यायला हवा.

घरगुती खानावळीत सकाळी दहाच्या आत किती माणसं आणि काय हवं ते सांगा. ऐनवेळी गेलात तर बर्फातलं मिळतं.

आम्ही शाकाहारी आहोत, माळकरी आहोत. उपाशी राहू का?

उलट चांगलं जेवाल. कुळथाची पिठी, वालाचं बिरडं, ओल्या काजूची उसळ (मार्च-एप्रिल), फणसाची भाजी, घावणे, आंबोळी, उकडीचे मोदक. फक्त ‘पूर्ण शाकाहारी, भांडीही वेगळी’ असं आधी सांगून खात्री करून घ्या. गणपतीपुळे, गुहागर, दिवेआगरला निव्वळ शाकाहारी घरं सहज मिळतात.

ज्वारीची भाकरी क्वचित, तांदळाची सगळीकडं. तिखट कमी आणि नारळ जास्त, म्हणून ठेच्याची बरणी बरोबर घ्याच. धपाटे कांदा न घालता करा आणि दोन दिवसांत संपवा. दमट हवेत त्यांना बुरशी लवकर येते. चिवडा घट्ट झाकणाच्या डब्यात, नाहीतर पहिल्याच रात्री सादळतो.

खोली ठरवताना काय विचारावं?

समुद्र चालत किती मिनिटं? (‘समुद्राजवळ’ म्हणजे दोन किलोमीटरही असतं.) लाईट गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का? संडास कमोडचा आहे का? जेवण घरात की बाहेर? गाडी आवारात लागते का? आगाऊ रक्कम भरण्याआधी व्हिडिओ कॉलवर खोली दाखवायला सांगा. ज्यांच्या खोल्या खऱ्या आहेत ते आनंदानं दाखवतात. काही जण दुसऱ्याचे फोटो टाकून पैसे उकळतात.

रोकड जवळ ठेवा. आतल्या गावांत एटीएम आणि मोबाईलची रेंज दोन्हींचा भरवसा नसतो.

विंचूकाटा, साप, पाण्यातले प्राणी?

कातळावर आणि आंब्या-काजूच्या बागांत फुरसं असतं. रात्री बॅटरी घेऊनच चाला, जांभ्या दगडाच्या गडग्यात, म्हणजे रचलेल्या कुंपणात, हात घालू नका. चावलंच तर बांधणं, कापणं, चोखणं काही नको. माणसाला न चालवता सरकारी दवाखान्यात न्या, १०८ ला फोन करा.

उथळ पाण्यात पाकट वाळूत दडून बसते आणि पाय पडला की शेपटीचा काटा मारते. पाय उचलून न टाकता वाळूत घासत चाला, ती आधीच निघून जाते. काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, वेदना उतरते, मग डॉक्टर. जेलीफिश चिकटली तर चोळू नका, गोड्या पाण्यानं धुऊ नका, समुद्राच्याच पाण्यानं धुवा.

येताना काय आणावं?

आमसुलं, काजू, कुळथाचं पीठ, आंबापोळी, फणसपोळी. कोकम घेताना बाटली वाचा. ‘कोकम सरबत’ गोड असतं, ते पाण्यात मिसळलं की झालं. ‘आगळ’ म्हणजे मीठ घातलेला नुसता रस, तो सोलकढीसाठी. आगळाचं सरबत करून पाव्हण्यांना दिलं की तोंडं वाकडी होतात. चार माणसांच्या सोलकढीला एका नारळाचं दूध आणि तीन-चार चमचे आगळ पुरतं. गॅसवर ठेवायचं नाही, फाटते.

हापूस पिकलेला आणू नका, दहा तासांच्या प्रवासात त्याचा आमरस होतो. देठासकट काढलेला, तयार पण कच्चा घ्या. पेट्या बंद डिकीत न ठेवता मागच्या सीटवर. घरी आल्यावर गव्हाच्या काडावर किंवा गोणपाटावर एक थर पसरा, फार तर दोन. रोज हात फिरवून पिवळा झालेला वेगळा काढा. आठ-दहा दिवस लागतात. कच्चा फ्रिजमध्ये ठेवला तर तो पुढं पिकतच नाही. डझनात एखाद्याच्या आत पांढरट, स्पंजसारखा गर निघतो, त्याला साका म्हणतात. तो बाहेरून ओळखता येत नाही, त्यावरून बागवाल्याशी भांडू नका.

परत आल्यावर गाडीचं काही करावं लागतं का?

पहिल्या दोन दिवसांत धुवा, आणि वरूनच नव्हे. खारी हवा आणि वाळू चाकांच्या आतल्या बाजूला, दरवाजांच्या खालच्या कडांना, सायलेन्सरला बसते आणि तिथूनच गंज सुरू होतो. वॉशिंग सेंटरला सांगून खालून दाबाचं पाणी मारून घ्या. पायपुसणी काढून झटका, आणि बॅटरीच्या टोकांवर पांढरी पूड दिसली तर तीही साफ करायला सांगा.